सरकारदरबारचे जुळे शब्द

इंग्रजी शिकताना ज्या शब्दयुग्मांपाशी विद्यार्थी चकतो, त्यांच्या याद्या शालेय व्याकरणांच्या अखेरीस छापण्याची वहिवाट जुनी आहे. आणि त्या याद्यांत ‘अफेक्ट’ व ‘इफेक्ट’ यांसारख्या जोड्यांना जे मानाचे पान मिळते, ते पाहून असा समज होतो की, हा सारा प्रकार एखाद्या अक्षराच्या हयगयीचा असून परीक्षकाच्या लाल पेन्सिलीपलीकडे त्याचे काही पर्यवसान नाही. राज्यकारभारातील शब्दांची गोष्ट निराळी आहे. तेथे एका शब्दाच्या जागी त्याचा शेजारी येऊन बसला, तर कोणाचा अधिकार कोठे संपतो ती सीमारेषाच सरकते, आणि क्वचित् एखाद्या माणसाच्या पायांतील बेडी त्या शब्दाच्या अर्थावर पडते किंवा सुटते. म्हणून या प्रकरणात वर्णक्रमाने यादी न देता, जेथे अशा घोटाळ्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागली, किंवा जेथे त्या घोटाळ्याचा कोणी जाणूनबुजून लाभ उठविला, अशाच शब्दांपाशी थोडे रेंगाळण्याचा विचार आहे.

आरंभ ‘स्टेट’ आणि ‘गव्हर्न्मेंट’ यांपासून करणे प्राप्त आहे, कारण मराठीत या दोहोंना, आणि त्यांच्या जोडीला ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’लाही, ‘सरकार’ हा एकच फारसी शब्द पुरून उरतो. तलाठ्याने उतारा दिला नाही तर सरकार देत नाही, मंत्रिमंडळ गडगडले तर सरकार पडते, आणि गावाबाहेरच्या माळाचा मालक कोण असे विचारले तर तोही सरकारच! इंग्रजीत या तीन स्थळी तीन शब्द यावयाचे. भूप्रदेश, प्रजा आणि सार्वभौम सत्ता यांसह जी संस्था पिढ्यानुपिढ्या अखंड चालू राहते ती ‘स्टेट’. त्या सत्तेची सूत्रे ज्यांच्या हाती काही काळापुरती असतात ते ‘गव्हर्न्मेंट’. आणि त्यांचे हुकूम अमलात आणणारा जो पगारी नोकरवर्ग ते ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’. अमेरिकेत मात्र राष्ट्राध्यक्ष आणि त्याचे सहकारी यांनाच ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ म्हणतात, हा आणखी एक फाटा. आपल्या संविधानाच्या बाराव्या अनुच्छेदाने तर मूलभूत हक्कांपुरती ‘स्टेट’ची व्याख्या इतकी विस्तृत केली आहे की, संसद आणि विधिमंडळे यांच्या पंक्तीला स्थानिक प्राधिकरणेही येऊन बसली, म्हणजे त्या अर्थाने एखादी नगरपालिकासुद्धा ‘स्टेट’च ठरते, आणि तिने नागरिकाच्या मूलभूत हक्कावर अतिक्रमण केले तर त्याला थेट उच्च न्यायालयात दाद मागता येते.

हा भेद महाराष्ट्राच्या इतिहासात एकदा फार मोलाचा ठरला. होमरूलच्या चळवळीत १९१६ साली लोकमान्य टिळकांनी बेळगाव व अहमदनगर येथे जी मराठी व्याख्याने दिली, त्यांत ‘सरकार’ या एका शब्दाची त्यांनी दोन शकले केली: एक अदृश्य सरकार, म्हणजे बादशहाच्या नावाने चालणारी अमूर्त सत्ता, आणि दुसरे दृश्य सरकार, म्हणजे कलेक्टरापासून शिपायापर्यंतची नोकरशाही. पहिल्याशी आपले वैर नाही, दुसरे बदलले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटाला हा भेद पटला नाही. त्याने २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन मागितले. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले, टिळकांच्या वतीने बॅरिस्टर जिना उभे राहिले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा यांनी तो हुकूम रद्द केला. राज्यकारभाराच्या पद्धतीवरील टीका आणि राज्यसत्तेविषयीचा द्वेष या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढे त्या दिवशी एका इंग्रजी न्यायाधीशाच्या तोंडून वदविता आले, हे काही लहानसहान यश नव्हे.

पण त्याच न्यायालयात एकोणीस वर्षांपूर्वी नेमके उलट घडले होते. १८९७ साली टिळकांवर जो पहिला राजद्रोहाचा खटला झाला, त्याचा सारा भार ‘डिसअफेक्शन’ या एका शब्दावर होता. दंडसंहितेच्या १२४-अ या कलमात (हे कलम मूळ संहितेत नव्हते, ते मागाहून, १८७० साली, घातले गेले) ‘डिसअफेक्शन’ उत्पन्न करणे हा गुन्हा होता, पण ‘डिसअ‍ॅप्रोबेशन’, म्हणजे सरकारी कृत्यांविषयीची नापसंती, दाखविणे हा मात्र गुन्हा नव्हता. दोन्ही शब्द त्याच एका नकारार्थी उपसर्गाने आरंभ होणारे, दोन्ही लांबलचक, आणि दोहोंच्या मध्ये तुरुंगाची भिंत! न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावून सांगताना ‘डिसअफेक्शन’ म्हणजे ‘अफेक्शन’चा, अर्थात् प्रीतीचा, अभाव असा अर्थ केला. हा अर्थ व्युत्पत्तीला धरून असेलही. परंतु तो मान्य केला तर सरकारवर प्रेम न करणारा प्रत्येक प्रजाजन अपराधाच्या उंबरठ्यावर उभा राहतो, आणि कर भरूनही, कायदा पाळूनही, केवळ मनात ममत्व नाही म्हणून लेखणी हाती घेताच तो दंडनीय होतो. नऊ ज्यूरर्सपैकी सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरविले, तिघा हिंदी ज्यूररांनी निर्दोषी म्हटले, आणि अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदविली पाहिजे, कारण ती बहुधा विस्मृतीत गेली आहे. सातारा जिल्ह्यातील ‘प्रतोद’ या पत्रावर त्याच वर्षी याच कलमाखाली खटला झाला, आणि तो उच्च न्यायालयासमोर आला तेव्हा न्यायमूर्ती पार्सन्स व न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी हा प्रीतीच्या अभावाचा अर्थ स्वीकारला नाही. नुसता अभाव पुरेसा नाही. राज्यसत्तेविषयी विद्वेषाची, तिचा अंमल झुगारण्याकडे झुकणारी प्रत्यक्ष भावना पाहिजे, असे त्यांच्या विवेचनाचे तात्पर्य होते. आरोपींना याचा फारसा उपयोग झाला नाही, शिक्षा झाल्याच. पण एका शब्दाच्या पोटात काय मावते आणि काय मावत नाही, याचा जो काटेकोर विचार रानड्यांनी केला, तो स्ट्रॅचींच्या कोशनिष्ठ व्याख्येपेक्षा आम्हांला अधिक न्यायनिष्ठ वाटतो. पुढे १८९८ साली सरकारने कायदाच सुधारून ‘डिसअफेक्शन’मध्ये राजनिष्ठेचा अभाव आणि शत्रुत्वाच्या सर्व भावना यांचा समावेश होतो असे लिहून टाकले, आणि वाद स्वतःच्या बाजूने मिटविला.

याच कलमाचे नाव मराठी वृत्तपत्रांत अलीकडे सर्रास ‘देशद्रोह’ असे छापले जाऊ लागले होते. हा ‘सेडिशन’ आणि ‘ट्रीझन’ यांचा संकर होय. ‘सेडिशन’ हा शब्दांचा, चेतावणीचा अपराध. ‘ट्रीझन’ हा कृतीचा, शत्रूला मिळण्याचा किंवा राजाविरुद्ध शस्त्र उचलण्याचा. इंग्लंडात ‘ट्रीझन’चा कायदा तिसऱ्या एडवर्डच्या काळात १३५१ साली झाला, आणि ‘ट्रीझन’ या शब्दाचा राजे लोक किती सैल उपयोग करतात याचा अनुभव गाठीशी असल्यामुळे अमेरिकेच्या घटनाकारांनी तो शब्द घटनेतच जखडून टाकला: देशाविरुद्ध युद्ध पुकारणे किंवा शत्रूस साहाय्य करणे एवढाच त्याचा अर्थ, आणि तोही एकाच उघड कृत्याला दोन साक्षीदार असतील किंवा आरोपीने भर न्यायालयात कबुली दिली तरच सिद्ध. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली केदारनाथ सिंह यांच्या खटल्यात १२४-अ कलम कायम ठेवले, परंतु हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच ते लागू होईल असे कुंपण घातले. २०२२ साली न्यायालयाने त्या कलमाचा अंमल थोपविला, आणि १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेल्यामुळे ‘सेडिशन’ हा शब्दही कायद्याच्या पुस्तकातून गेला. नव्या संहितेच्या १५२ व्या कलमात जे आहे ते त्याचेच वंशज की निराळे कुळ, हा वाद वकिलांना बराच काळ पुरेल.

आता दुसऱ्या एका जोडीकडे वळू. ‘ऑर्डिनन्स’ आणि ‘ऑर्डनन्स’ यांत लेखी फरक एका ‘आय’चा आहे. पहिला म्हणजे वटहुकूम. दुसरा म्हणजे तोफा, दारूगोळा आणि एकूण युद्धसाहित्य. मूळ दोहोंचे एकच, व्यवस्था लावणे या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दाचे. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव या गावांच्या लोकांना दुसरा शब्द शिकविण्याची आवश्यकता नाही; तेथे त्याने पिढ्यांचे संसार चालविले. इंग्लंडातील नकाशे काढणाऱ्या संस्थेचे नाव ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ का, असा प्रश्न मात्र पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर असे की, अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या स्वारीचे भय असताना किनाऱ्याचे नकाशे काढण्याचे काम तोफखान्याच्या खात्याकडे होते, आणि खाते बदलले तरी नाव चिकटून राहिले.

वटहुकुमाचा खरा घोटाळा स्पेलिंगचा नाहीच. तो त्याच्या शेजारच्या तीन शब्दांशी निगडित आहे: ‘अ‍ॅडजर्न्मेंट’, ‘प्रोरोगेशन’ आणि ‘डिझोल्यूशन’. सभागृहाची बैठक तहकूब होणे ही पहिली गोष्ट. ती करणारा अध्यक्ष किंवा सभापती, आणि बैठक बेमुदत तहकूब झाली तरी अधिवेशन जिवंतच असते. अधिवेशनच संस्थगित करणे ही दुसरी गोष्ट. ती राष्ट्रपती किंवा राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतो. सभागृहाचे विसर्जन ही तिसरी, तिच्यानंतर निवडणूक. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तिन्ही ठिकाणी ‘अधिवेशन गुंडाळले’ हेच शब्द येतात, आणि वाचकालाही त्यात काही वावगे दिसत नाही. परंतु वटहुकूम काढता येतो तो अधिवेशन चालू नसतानाच. म्हणजे सभागृह नुसते तहकूब असताना नव्हे, संस्थगित झाल्यावर. ज्या शब्दाकडे सामान्य वाचक डोळेझाक करतो, त्या शब्दापाशीच सरकारची कायदे करण्याची स्वतंत्र वाट उघडते.

ही वाट किती लांबवर नेता येते, हे एका पुणेकर प्राध्यापकाने उघडकीस आणले. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा हे बिहारमधील जमीनविषयक कायद्यांचा अभ्यास करीत असताना त्यांच्या ध्यानात आले की, तेथे कायद्यांपेक्षा वटहुकूमच अधिक भेटतात. विधिमंडळ पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत वटहुकूम आपोआप संपुष्टात यावा, अशी संविधानाची तरतूद. तेव्हा बिहार सरकारने अशी तोड काढली की, अधिवेशन भरवावे, विधेयक मांडू नये, अधिवेशन संस्थगित करावे आणि तोच वटहुकूम शब्दाचाही फरक न करता पुन्हा काढावा. १९६७ ते १९८१ या काळात असे २५६ वटहुकूम निघाले, आणि पुनःपुन्हा काढून त्यांना एक वर्षापासून १४ वर्षांपर्यंत आयुष्य लाभले. वाधवांनी यावर पुस्तक लिहिले, स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवती यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने हा प्रकार म्हणजे संविधानाची फसवणूक होय, असा निर्वाळा दिला. ग्रंथालयात बसून राजपत्रांचे गठ्ठे चाळणाऱ्या एका संशोधकाने केलेले हे काम एखाद्या मोठ्या आंदोलनाइतके महत्त्वाचे आहे, पण त्याचे नाव महाराष्ट्रातही फारसे कोणाला ठाऊक नसते. ज्या इंग्लंडातून हे शब्द आले तेथेही त्यांचा कस लागावयाचा होताच. २०१९ साली पंतप्रधान जॉन्सन यांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या ऐन धामधुमीत पार्लमेंट पाच आठवड्यांसाठी संस्थगित करविले, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने ते संस्थगन बेकायदेशीर, किंबहुना मुळात झालेच नाही, असे ठरविले. पार्लमेंट नुसते तहकूब व्हावयाचे तर त्याचा निर्णय सभासदांच्याच हाती असता, आणि हा वादच उद्भवला नसता.

‘इम्पीचमेंट’ या शब्दाविषयी थोडक्यात. त्याचा अर्थ पदच्युती असा पुष्कळांनी धरला आहे. वस्तुतः तो केवळ आरोपाचा, महाभियोगाचा शब्द आहे. वॉरन हेस्टिंग्ज, ज्याच्या कारकिर्दीत इंग्रजांचे मराठ्यांशी पहिले युद्ध झाले आणि १७८२ साली सालबाईचा तह झाला, त्याच्यावर कॉमन्स सभेने १७८७ साली महाभियोग केला. लॉर्ड्स सभेपुढील चौकशी पुढच्या वर्षी सुरू झाली, १७९५ पर्यंत रेंगाळली, आणि शेवटी तो निर्दोष सुटला. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन १८६८ साली, क्लिंटन १९९८ साली आणि ट्रम्प दोनदा ‘इम्पीच’ झाले, तरी सिनेटने एकालाही पदावरून दूर केले नाही. आणि ज्या निक्सनचे नाव या शब्दाबरोबर सर्वांत आधी आठवते, तो तर सभागृहात मतदान होण्यापूर्वीच राजीनामा देऊन मोकळा झाला. आपल्या संविधानात हा शब्द फक्त राष्ट्रपतीसाठी आहे. न्यायाधीशांसाठी ‘रिमूव्हल’ हा साधा शब्द योजला आहे. तरी न्यायमूर्ती रामस्वामी यांच्याविरुद्ध १९९३ साली लोकसभेत आलेला आणि सत्ताधारी पक्ष तटस्थ राहिल्यामुळे फसलेला प्रस्ताव आजही महाभियोग म्हणूनच ओळखला जातो.

‘काउन्सिल’, ‘काउन्सेल’ आणि ‘कॉन्सल’ यांची गुंतागुंत कानाची आहे, अर्थाची नव्हे, म्हणून तीत फार गुंतण्याचे कारण नाही: पहिली परिषद, दुसरा सल्ला किंवा सल्ला देणारा वकील, तिसरा परराष्ट्राचा शहरातील प्रतिनिधी. परदेशाचा राजदूत दिल्लीत, ‘कॉन्सल’ मुंबईत किंवा, पोर्तुगालचा असेल तर, पणजीतसुद्धा. ‘सेन्सॉर’, ‘सेन्शर’ आणि ‘सेन्सस’ यांचे नाते अधिक रंजक आहे. कारण प्राचीन रोममध्ये नागरिकांची गणना करणारा आणि त्यांच्या नीतिमत्तेवर देखरेख ठेवणारा अधिकारी एकच होता, ‘सेन्सॉर’ हीच त्याची पदवी. त्याच्या एका कामाची झाली जनगणना, दुसऱ्याचा झाला नाट्यप्रयोगांवरचा आणि चित्रपटांवरचा अंकुश, आणि ‘सेन्शर’ म्हणजे निंदाव्यंजक ठराव. हा ठराव अविश्वासाच्या ठरावाहून भिन्न आहे. त्यात कारण सांगावे लागते, आणि तो एका मंत्र्यापुरताही आणता येतो. अविश्वासाला कारण द्यावे लागत नाही, आणि तो साऱ्या मंत्रिमंडळावर असतो. आचार्य कृपलानींनी १९६३ साली नेहरूंविरुद्ध आणला तो लोकसभेतील पहिला अविश्वासाचा ठराव. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला.

दयेच्या शब्दांत मात्र घाई करून चालत नाही. ‘फाशी माफ’ असा मथळा आपण वाचतो, तेव्हा शंभरांत नव्वद वेळा काहीही माफ झालेले नसते. फाशीच्या ऐवजी जन्मठेप झालेली असते, आणि त्याला ‘कम्युटेशन’ म्हणतात. शिक्षेचा प्रकार तोच ठेवून मुदत घटविणे म्हणजे ‘रेमिशन’. तात्पुरती तहकुबी म्हणजे ‘रिप्रीव्ह’. गर्भारपणासारख्या विशेष कारणास्तव सौम्य शिक्षा देणे म्हणजे ‘रेस्पाइट’. आणि अपराधासह शिक्षा पुसून टाकणे म्हणजे ‘पार्डन’. मुंबईतील नानावटी खटल्यात यांपैकी दोन टोके एकाच माणसाच्या बाबतीत पाहावयास मिळाली. नौदलातील कमांडर नानावटी यांना खुनाच्या आरोपातून ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरविले, पण सेशन्स न्यायाधीशाला तो निर्णय पटला नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप झाली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी, सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा निकाल लागेपर्यंत, शिक्षा स्थगित ठेवली आणि नानावटी नौदलाच्याच ताब्यात राहिले. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न केला तो असा: प्रकरण न्यायप्रविष्ट असताना शिक्षा थांबविण्याचा अधिकार कोणाचा, राज्यपालाचा की न्यायालयाचा? बहुमताचे उत्तर न्यायालयाच्या बाजूने पडले. जन्मठेप १९६१ साली कायम झाली, आणि पुढे १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी जी क्षमा केली ती मात्र संपूर्ण ‘पार्डन’ होती, आणि तिला कोणाची हरकत चालणारी नव्हती. अधिकार त्याच पदाचा. पण अपील चालू असताना केलेली तहकुबी न्यायालयाच्या क्षेत्रात घुसत होती, अपील संपल्यानंतरची क्षमा घुसत नव्हती.

तुरुंगाच्याच दारातील आणखी एक जोडी ‘पॅरोल’ व ‘फर्लो’. आपल्या राज्यातील १९५९ च्या नियमांनी दोन्ही रजा स्वतंत्र ठेवल्या आहेत. फर्लो ही ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर, काही विशेष कारण न दाखविता, कुटुंबाशी संबंध तुटू नये म्हणून मिळणारी रजा. ती शिक्षेच्या हिशेबात धरली जाते. पॅरोल मिळतो तो आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणासाठी, आणि बाहेर काढलेले ते दिवस शिक्षेत सामान्यतः मोजले जात नाहीत. बातमीत शब्द चुकला, तर कैद्यावर मेहेरनजर झाली की नियमाप्रमाणे त्याची पाळी आली, हे वाचकाला कळण्याचा मार्गच राहत नाही. आणि कैदी नावाजलेला असेल तर त्या अज्ञानावर संतापाचे इमले चढतात.

शेवटी एक असा शब्द, जो स्वतःचाच विरुद्धार्थी आहे. ‘टेबल’ हे क्रियापद इंग्लंडात प्रस्ताव चर्चेला मांडणे या अर्थी, तर अमेरिकेत तो बाजूला सारणे या अर्थी वापरतात. महायुद्धाच्या काळात दोन्ही देशांचे सेनाधिकारी एका कागदावरून बराच वेळ हमरीतुमरीवर आले, आणि मग उमगले की दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, हा किस्सा चर्चिलने आपल्या युद्धस्मृतींत नोंदविला आहे. आपण इंग्रजी अर्थ घेतला आणि त्याला ‘सभागृहाच्या पटलावर ठेवणे’ असे भारदस्त मराठी रूप दिले. पण पटलावर ठेवणे म्हणजे चर्चा करणे नव्हे, आणि स्वीकारणे तर नव्हेच. चौकशी आयोगांच्या कायद्याप्रमाणे आयोगाचा अहवाल, त्यावर सरकारने काय केले याच्या टिपणासह, सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवावा लागतो. मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींवरील श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सरकारला मिळाला, ऑगस्टमध्ये मुदतीच्या आत पटलावर आला, आणि सोबतच्या टिपणात सरकारने त्याचे मुख्य निष्कर्ष नाकारले. कायद्याच्या दृष्टीने त्यात काही उणे नव्हते: आयोग न्यायालय नव्हे, त्याचे निष्कर्ष शिफारशीच्या स्वरूपाचे असतात, आणि पटलावर ठेवण्याची अट पाळली गेली होती. वर्षानुवर्षे महालेखापरीक्षकांचे अहवालही अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी याच पटलावर येतात, आणि सदस्य ते उघडून वाचू लागेपर्यंत सभागृह संस्थगित झालेले असते; शब्द इंग्लंडचा राहतो, आणि परिणाम अमेरिकेचा होतो.